उलथन्याचा नाच

दोरवाल्याने दुसरं लग्न केलं त्या वर्षी तळं आटलं. आजही कुणी त्या आटलेल्या तळ्याचा विषय काढला की म्हातारी माणसं म्हणतात, म्हणजे दोरवाल्याकडे नवी आली ते साल. नवी म्हणजे त्याची दुसरी बायको. तिला तिचं नाव होतं, पण ते माहेरी राहिलं. पहिली बायको तापाने गेली होती आणि मागे एक मुलगी ठेवून गेली होती. मुलगी आठ-नऊ वर्षांची, हाडं मोजून घ्यावीत अशी. दिवसभर चाक फिरवायची म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे.

घरामागे उंच भिंत होती आणि भिंतीला लागून लांबलचक सरळ बोळ. तिथे दोर वळायचा. बोळाच्या एका टोकाला चाक, चाकासमोर लोखंडी आकडे. भिंगरी चाक फिरवायची. दोरवाला कमरेला वाख, म्हणजे अंबाडीच्या सालीचे तंतू, गुंडाळून, त्याचं टोक आकड्याला अडकवून, बोटांतून तंतू सोडत सोडत उलट्या पावली मागे जायचा. तो मागे जाईल तसा पेड लांब होत जायचा. असे तीन पेड झाले की ते एकत्र पिळून दोर. नवीचं काम वाख विंचरायचं. उभे खिळे ठोकलेली एक फळी होती. तिच्यावर वाखाची जुडी आपटायची आणि ओढायची, आपटायची आणि ओढायची. संध्याकाळपर्यंत खांदे जाग्यावर नसायचे.

वाखासाठी झाडाच्या काड्या तळ्यात कुजवाव्या लागतात. त्या वर्षी तळ्यात पाणीच उरलं नव्हतं. काड्या चिखलात अर्ध्या कुजल्या, अर्ध्या वाळल्या. वाख निघाला तो म्हाताऱ्याच्या केसांसारखा, हात लावला की तुटणारा. पेड पिळाला लागला की तटकन जायचा.

पेड तुटला की दोरवाला थांबायचा. ओरडायचा नाही. धावत यायचा नाही. हातातल्या दोराचं टोक मुठीभोवती गुंडाळत तो शांतपणे चाकाकडे चालत यायचा. वाटेत पाण्याची बादली होती, दोर गुळगुळीत करायला. त्यात टोक बुडवायचा. आणि मग भिंगरीच्या पाठीवर, खांद्याच्या खाली आणि कमरेच्या वर, जिथे कपडा असतो तिथेच.

नवीने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला मार दिसला नाही, चाक दिसलं. मार खाताना पोरगी चाक फिरवतच होती. दात आवळलेले, डोळे आकड्यावर, आणि हात गोल गोल. चाक थांबलं तर जास्त बसतो, हे तिला कधीचं ठाऊक होतं.

"अहो, वाखच कच्चा आहे," नवी म्हणाली. "तिचा काय दोष?"

"चाक एका चालीत पाहिजे," दोरवाला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने त्याचा हात धरला. त्याने तो सोडवून घेतला नाही. तिचाच पंजा धरून खिळ्यांच्या फळीवर ठेवला आणि वरून आपला तळवा दाबला, पाव दाबावा तसा. "तू बाहेरची आहेस," तो म्हणाला. "मधे येऊ नकोस." मग पाण्याची बादली तिच्याकडे सरकवली. "हात धू. वाखाला रक्त लागतं."

भिंतीच्या अलीकडे हे असं चालायचं. भिंतीच्या पलीकडे गावात दोरवाल्यासारखा बाप नव्हता.

त्याला कारण होतं. दरवर्षी सुगी संपली की एक नाचवाली मंडळी गावात यायची आणि मळणीच्या मैदानावर खेळ करायची. खेळ तोच, उलथन्याचा नाच. सावत्र आईचं सोंग घेतलेला नाच्या पिवळं तोंड रंगवून, पत्र्याची नखं लावून, हातभर उलथनं घेऊन एका पोरीभोवती नाचायचा. ढोलाच्या ठोक्यावर उलथनं पडायचं. बायका रडायच्या, पोरं भिऊन आयांना चिकटायची, बाप्ये शिव्या घालायचे. मग बाप परगावाहून यायचा. त्याला काहीच माहीत नसायचं. तो पोरीची रंगवलेली पाठ बघायचा, आभाळाकडे हात करायचा आणि रडायचा. मग पोरीला खांद्यावर घ्यायचा. आणि गावातल्या बायका मधे शिरून त्या नाच्याला मऊ सुती दोराने बडवायच्या. तो कपड्यांत पेंढा भरून आलेला असायचा. कोलांट्या मारायचा. रडून रडून सुजलेलं गाव पोट धरून हसायचं आणि घरी जायचं.

बापाच्या तोंडी बोलणं नसतं, म्हणून मंडळी तो माणूस गावातलाच घेत. या गावात कितीतरी वर्षं तो दोरवाला होता. त्याच्यासारखं रडणं कुणाला जमत नसे. बाजारात दुकानदार त्याला विडी फुकट द्यायचा आणि म्हणायचा, "भाऊ, काळीज हलवलंत बघा."

नवीने नळावर शिंपिणीला सांगितलं. शिंपीण शेजारची, आणि गावच्या बायकांत तिचा शब्द चालायचा.

"ताई, तो पोरीला मारतो. ओल्या दोराने."

शिंपिणीने घागर खाली ठेवली आणि तिच्याकडे बघितलं. "कोण? भाऊ?"

"हो."

"अगं, तो खेळात खोटं खोटं रडतो तर आमच्या पोटात कालवतं. तो खरं मारील?" ती मागच्या बायकांकडे वळली. "ऐकलंत का गं? नवी म्हणते, बाप मारतो."

"मग हिच्या हाताला काय झालंय?" एकीने विचारलं.

"फळीवर दाबला," नवी म्हणाली.

"मारताना लागलं असेल," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

"तरी मी म्हणतेय, दोन महिने झाले, अजून हिचं उलथनं कसं बाहेर पडलं नाही," शिंपीण म्हणाली. "बाई गं, आई नाहीस तर नाहीस. पण निदान त्याच्या अंगावर ढकलू नकोस."

चौकीवरच्या हवालदारानेही तेवढंच ऐकून घेतलं. "घरी जा," तो म्हणाला. "आणि पोरीच्या अंगाला हात लावू नको. मी लक्ष ठेवून आहे."

एक मावशी होती भिंगरीची, आईची बहीण. शेजारच्या गावात, गाड्यांची चाकं दुरुस्त करणाऱ्याच्या घरात. मूलबाळ नव्हतं. पोरीला न्यायला दोनदा येऊन गेली होती. दोरवाल्याने दोन्ही वेळा चारचौघांत सांगितलं, "माझ्या काळजाचा तुकडा आहे. ती गेली तर मी जगू कशाला?" चारचौघांनी डोळे पुसले. मावशी रिकाम्या हाताने गेली. पोरगी गेली तर चाकाला गडी ठेवावा लागला असता, हे कुणाच्या मनात आलं नाही. आणि गडी उलटून मारतो.

सुगी संपली आणि मंडळी आली. मंडळीच्या मालकाने सांगितलं, यंदा पोरीचं काम भिंगरीच करील. बाप खरा, पोरगी खरी, गाव वेडं होईल.

नाच्या दोरवाल्याकडे सुती दोर न्यायला आला तेव्हा दोरवाला मैदानावर मांडव बांधायला गेला होता. नाच्याला सगळे नाक्या म्हणत, सोंगात लांब नाक लावायचा म्हणून. बिनरंगाचा तो साधा, टक्कल पडलेला, गुडघे धरून बसणारा माणूस होता.

"पोरी, पाठ दाखव," तो म्हणाला. "रंग किती लागेल बघू दे."

भिंगरीने नवीकडे बघितलं. नवीने मान हलवली. पोरीने कपडा वर केला.

"अरे वा," नाक्या म्हणाला. "कुणी लावला? आमच्या मालकापेक्षा बरा लावलाय." त्याने अंगठा टेकवून दाबला. पोरीने श्वास आत ओढला. नाक्याने आपला अंगठा बघितला. तो कोरडा होता. त्याने पुन्हा पाठीकडे बघितलं. काही वळ काळे, काही हिरवट, दोन फुटलेले, पाणी सुटलेले. मग त्याने पोरीचा कपडा स्वतःच्या हाताने खाली केला आणि गुडघे धरून बसला.

"कोण?"

"तुम्हाला कोण वाटतं?" नवी म्हणाली.

"मला विचारू नका. मी गावात शिरलो की बायका पोरं आत घेतात. आजवर मला कुणी पाण्याचा पेला दिला नाही." तो थांबला. "तो होय?"

"तो."

"जो रडतो तो?"

नवी उठली. तिने त्याला पेलाभर पाणी आणून दिलं. त्याने ते सगळं पिऊन टाकलं.

"तुम्ही सांगा," ती म्हणाली. "खेळ चालू असताना. माझं कुणी ऐकत नाही. तुमचं सगळं गाव ऐकतं."

"मला ऐकत नाहीत बाई. मला बघतात."

"मग दाखवा. ओलं फडकं घ्या आणि पुसून दाखवा, रंग नाही म्हणावं. एकदाच. मावशी येणार आहे तिची बघायला. तिच्यासमोर खरं झालं तर ती नेईल पोरीला."

नाक्याने डोकं खाजवलं. "मालक मला हाकलेल."

"हाकलू द्या."

"पोट आहे हो," तो म्हणाला. पण जाताना त्याने भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि पोरगी नेहमीसारखी अंग चोरून मागे सरकली नाही.

खेळ दुपारी उन्हं कलल्यावर सुरू झाला. मैदान भरलं होतं. मावशी पुढे, नवऱ्याशेजारी बसली होती. नवी एका कडेला, एकटी. तिच्या आसपास जागा रिकामी सोडून बायका बसल्या होत्या.

नाक्या आला. उलथनं फिरवलं, नखं वाजवली, पोरीभोवती नाचला. ढोल घुमला. उलथनं पडत होतं ते जमिनीवर, आवाज करत होता ढोल. बायका हुंदके देऊ लागल्या. आणि मग ठोक्यावर पाय न टाकता नाक्या मधेच थांबला. त्याने उलथनं खाली ठेवलं. ढोलवाला गडबडला.

"ऐका," नाक्या म्हणाला. "हे मी नाही केलं."

लोक हसले.

"थट्टा नाही. या पोरीला तिचा बाप मारतो. तो दोरवाला. ओल्या दोराने मारतो. हे बघा." त्याने भिंगरीला पाठमोरी केली, कपडा वर केला, आणि कडेच्या बादलीतलं फडकं पिळून हळूच पाठीवरून फिरवलं. "रंग असता तर निघाला असता. बघा, निघतोय का."

मैदान खवळलं. "खोटारडी!" कुणी ओरडलं. "सापडली की बापावर ढकलते!" "नाक्या, लेका, यंदा भारी काढलंस!" एक ढेकूळ येऊन नाक्याच्या पत्र्याच्या नाकावर फुटलं. मालकाला वाटलं, नाक्याने नवा प्रवेश आणला. त्याने खुशीत ढोलवाल्याला खूण केली. आणि दोरवाला आत आला.

तो गुडघ्यावर बसला. पाठ बघितली, जणू जन्मात पहिल्यांदा. आभाळाकडे हात केले. तोंड उघडलं आणि आवाज न काढता रडला. सगळं मैदान त्याच्या वतीने आवाज काढून रडलं.

पण शिंपीण पहिल्या रांगेत होती, आणि तिची नजर सुईत दोरा ओवणारी. ती ताडकन उठली.

"अगं, खरे आहेत!" ती किंचाळली. "वळ खरे आहेत! रंग नाही!"

ढोल थांबला. नवी उभी राहिली. झालं, तिला वाटलं, दिसलं यांना.

शिंपीण वळली. तिने दोरवाल्याकडे बघितलं नाही. तिने सबंध मैदानावरून नजर फिरवली, आणि ती नवीवर आणून थांबवली.

"ती बघा," शिंपीण म्हणाली. "खरी तिथे उभी आहे."

नवीला पळायला सुचलं नाही. केसांना धरून त्यांनी तिला माणसांमधून ओढत नेलं. सुती दोर तिथेच पडला होता, पण त्याला कुणी हात लावला नाही. कुणीतरी मांडवाचा ताणाचा दोर सोडला. तो दोरवाल्यानेच वळलेला, तीन पेडी, गाठीचा. पहिला फटका शिंपिणीचा. तो मानेवर बसला आणि नवीच्या डोळ्यांपुढे पांढरं झालं. मग मोजदाद राहिली नाही. दोर एकीच्या हातून दुसरीच्या हातात जात होता. ज्यांना दोर मिळाला नाही त्यांनी लाथा घातल्या. एकीने नाक्याचं उलथनं उचललं आणि कडेने मारलं, त्याने कान फाटला. तोंडात माती गेली, दात हलला. हवालदार हाताची घडी घालून उभा होता. नाक्या मधे पडला तर त्यालाही लोकांनी तुडवला, हसत हसत, कारण त्याच्या अंगात पेंढा होता.

"नवीला नका मारू!" भिंगरी ओरडत होती. "बाबा मारतात! नवी नाही!"

"बघा, पोरीला कसं पढवून ठेवलंय," एक म्हातारी म्हणाली, आणि हातात काठी होती ती तिने नवीच्या पायावर घातली.

"पुरे," गावप्रमुख शेवटी म्हणाला. "मरेल. हाकलून द्या गावाबाहेर."

नवी मातीत पालथी पडली होती. एका डोळ्याने तिला दिसत होतं. दोरवाला उभा होता, गाल ओले, आणि त्याने भिंगरीला खांद्यावर घ्यायला हात पुढे केले होते. पोरगी घरी जाणार होती. उद्या सकाळी चाक होतं आणि वाख तसाच कच्चा होता. मावशी तोंडात पदर कोंबून रडत उभी होती. खरं सांगून झालं होतं, दाखवूनही झालं होतं. खऱ्याने काही होत नव्हतं.

नवी हातांवर उठून बसली.

"मी जाणार नाही," ती म्हणाली. "लग्न करून आणलंय मला. घर माझं आहे."

"निर्लज्ज!"

"हो, मीच मारलं तिला." तिने मातीतलं रक्त थुंकलं. "आणि घरी गेल्यावर पुन्हा मारीन. काय करता बघू."

सगळ्यांच्या आधी कळलं ते दोरवाल्याला. त्याचं रडणं थांबलं. "नाही, नाही," तो घाईने म्हणाला. "मी लक्ष ठेवीन. मी आहे ना."

"तुम्ही कुठे कुठे बघणार भाऊ?" शिंपीण म्हणाली. "तुम्ही दिवसभर दोराच्या मागे. ही कैदाशीण घरात. पोरगी द्या मावशीकडे."

"माझ्या काळजाचा तुकडा आहे," दोरवाला म्हणाला.

"म्हणूनच म्हणते."

"द्या भाऊ," हवालदार म्हणाला. "पोरीच्या जिवासाठी द्या." सगळीकडून तेच आलं. द्या, द्या. दोरवाल्याने चारी बाजूंना बघितलं. इतकी वर्षं जे गाव त्याच्यासाठी रडलं होतं ते सगळं त्याच्याकडे बघत होतं, आणि त्याला नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं.

मावशी पुढे झाली. पण भिंगरी सुटली आणि येऊन नवीच्या गळ्यात पडली. "मी नाही जाणार," ती म्हणाली. "मी नवीजवळ राहणार. ही खोटं बोलते. हिने कधीच नाही मारलं."

लोक एकमेकांकडे बघू लागले. गावप्रमुखाच्या भुवया आक्रसल्या. दोरवाल्याने मान वर केली. "बघा," तो म्हणाला, "माया आहे दोघींची. मी म्हणत नव्हतो का—"

नवीने पोरीचे हात गळ्यातून सोडवले, आणि तिच्या तोंडात मारली. अंगात उरलं होतं तेवढ्या जोराने. भिंगरी दोन हात लांब जाऊन पडली. ओठ फुटला. आवाज ढोलाशिवाय सबंध मैदानाला ऐकू गेला.

पोरगी रडली नाही. तिने ओठाला हात लावला, हाताकडे बघितलं, मग नवीकडे बघितलं. चाकासमोर बसल्यावर ती आकड्याकडे बघायची तसं. मग ती आपणहून उठली आणि मावशीच्या नवऱ्याच्या गाडीकडे चालत गेली. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत तिने मागे बघितलं नाही. त्या वेळेपर्यंत नवीला पुन्हा खाली पाडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मंडळी निघाली. नाक्या भिंतीच्या चाकाकडच्या टोकाशी आला. नवी चाकावर होती. दोरवाला बोळाच्या दुसऱ्या टोकाला, मान खाली घालून वाख सोडत होता.

"मालक खूश आहे," नाक्या हळू आवाजात म्हणाला. त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता. "ती थप्पड म्हणे फार छान होती. पुढच्या गावापासून खेळात ठेवायची म्हणतो."

"ठेवा."

"बाई, मी नीट सांगितलं होतं ना?"

"नीट सांगितलंत."

"मग असं का झालं?"

नवीने चाक थांबवलं नाही. "मावशीच्या गावात खेळ करू नका," ती म्हणाली. "तिला ते बघायला लावू नका. एवढं करा."

"मालकाला सांगून बघतो," नाक्या म्हणाला.

तिकडे पेड तुटला. दोरवाला थांबला. दोराचं टोक मुठीला गुंडाळत तो चालत यायला लागला. नाक्या भिंतीमागून बघत राहिला, आणि मग त्याची गाडी निघायची वेळ झाली.

नवा वाख यायला अजून अवकाश होता. तोवर कच्चाच वळायचा होता. गावात नवीशी कुणी बोललं नाही. नळावर ती आली की बायका घागरी उचलून बाजूला व्हायच्या. शिंपीण मावशीच्या गावाला जाऊन आली आणि नळावर सांगत होती, पोरगी भरलीय, गालांवर रंग आलाय, मावशीचा काही जाच नाही. नवी घागर भरेपर्यंत ऐकत उभी राहिली. घागर भरल्यावरही थोडा वेळ उभी राहिली. पाणी वाहून गेलं.

पेरण्या व्हायच्या आधी बायकांना तिचं अंग धुवायला जावं लागलं. त्यांनी तिला पालथी केली आणि हात थांबले.

"आपले आहेत हे वळ," शिंपीण म्हणाली. "त्या दिवसाचे."

"इतके महिने राहतात?" एका तरण्या सुनेने विचारलं.

"पाणी घाल," शिंपीण म्हणाली.

नवी मेली ती त्या वर्षी, पेरण्यांच्या आधी, बुधवारी दुपारी, चाकाजवळ. दोरवाला पुढे पुष्कळ वर्षं जगला आणि म्हातारा होऊन अंथरुणात मेला. भिंगरी मावशीच्या घरी मोठी झाली, तिला दोन मुलं आहेत, ती जिवंत आहे.